जुन्या गोव्यांतील रोझरीची इगर्ज

मध्ययुगीन ख्रिस्तमंदिरें म्हटलीं म्हणजे आपलें मन युरोपाकडे धांवतें. परंतु त्या शिल्पपद्धतीची अखेरची एक लहानशी खूण आपल्याच देशांत, जुन्या गोव्यांत, मांडवी नदीकांठच्या टेकडीवर उभी आहे. दवनीवाड्याहून तेथवर जाणें सर्वांस शक्य नाहीं; म्हणून तिचें वर्णन येथें देतों.

25 नोव्हेंबर 1510 रोजीं आफोन्सो द अल्बुकर्क ह्यानें विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवें दुसऱ्यांदा जिंकून घेतलें. ती लढाई त्यानें ह्याच उंचवट्यावरून पाहिली, असें तेथील पाटी सांगते. पाटी जें सांगत नाहीं तेंही विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवावें. शहर हातीं आल्यावर मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली, आणि ती त्यानें स्वतःच राजास पत्रांतून कळविली. मत्तय 26:52 हें वचन येथें उघडून पाहावें.

इगर्ज बांधली गेली ती पुढें, 1540 नंतरच्या दशकांत. बाहेरून ती उपासनास्थानापेक्षां गढीच अधिक वाटते. भिंती जाड, खिडक्या लहान व उंचावर, आणि दर्शनी बाजूस वाटोळे बुरूज. दगड कोंकणांतला जांभा, वरून चुन्याचा गिलावा. बुरुजांभोंवतीं जहाजाचा दोर गुंडाळावा तशी नक्षी आहे. पोर्तुगालचा राजा मानुएल (1495 ते 1521) ह्याच्या काळीं तेथील गवंडी दर्यावर्दी लोकांच्या वस्तू दगडांत घडवूं लागले; त्या पद्धतीस त्याच राजाचें नांव पडलें. वेदीवरील छताच्या कमानी मात्र एकमेकींस छेदून जातात. ती जुनी गॉथिक रीत होय.

आंत गर्सिया द सा हा गव्हर्नर पुरला आहे. तो 1549 सालीं वारला. त्याची पत्नी कातारीना हिचें स्मारक भिंतींत आहे, आणि आमच्या मतें सर्व इमारतींत पाहण्यासारखें तेंच. अक्षरें पोर्तुगीज, परंतु भोंवतालची नाजूक वेलबुट्टी गुजराती धर्तीची. खंबायत-अहमदाबादकडील मशिदींच्या जाळ्या ज्यानें पाहिल्या असतील त्यास ती ओळखीची वाटेल. ज्या टेकडीवरून मुसलमानांचें शहर पडतांना पाहिलें, तेथेंच चाळीस वर्षांच्या आंतबाहेर एका ख्रिस्ती स्त्रीच्या थडग्यासाठीं मुसलमानी कलेची नक्षी निवडली गेली.

1986 सालीं जुन्या गोव्यांतील मंदिरें जागतिक वारशांत गणलीं गेलीं, त्यांत हीही आहे. मोठ्या बासिलिकेपुढें पुष्कळ गर्दी असते. टेकडीवर थोडेच चढतात.