माळेगावच्या फडात बसायचं तर

माळेगावच्या यात्रेत तमाशाला जाणार असाल तर आधी घड्याळ विसरा. पाटीवर नऊ लिहिलेलं असतं, पण कनातीबाहेर मनाजोगी गर्दी जमेपर्यंत खेळ सुरू होत नाही.

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोह्याच्या पुढे, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची ही यात्रा भरते. दिवसा घोडे, उंट, गाढवांचा बाजार, रात्री फड. बसायचं भुईवर आणि थंडी मरणाची. घोंगडी, कानटोपी घरूनच न्या.

पुण्या-मुंबईचे पाहुणे सोबत असले की मला धास्तीच वाटते. त्यांनी १९६५ सालच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याची महती ऐकलेली असते, वाटतं, इथंही तसंच नीटनेटकं काही असेल. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, मग वग असा क्रम ठरलेला असतो खरा, पण मधे काय घुसेल याचा नेम नाही. बक्षिसाची पुकार, सिनेमातलं गाणं, हरवलेल्या पोराची सूचना. रंगबाजी चालू असताना पुढची पोरं उठून नाचतात, मागच्यांना फक्त त्यांच्या पाठी दिसतात. ही पोरं पांगली की पाहुणेही निघतात. तिथंच फसतात.

एका साली ऐन बतावणीत जनरेटर बंद पडला. अंधारात शिव्या, शिट्ट्या. सोंगाड्यानं नुसत्या गळ्यावर सुरू ठेवलं. कोणीतरी बॅटरी मारली, तिच्या उजेडात एक शाल पांघरलेला गडी उठताना दिसला.

‘‘पाव्हणं, जनरेटर तुमीच न्यायलात का? शालीखाली काय फुगलंय?’’

‘‘धपाटे हायती, खाता का?’’ गडीही माळेगावचाच.

सोंगाड्यानं हात पुढे केला, धपाटं घेतलं आणि खातखातच पुढचं बोलला. वीज आली, सगळे विसरले. मध्यरात्र उलटल्यावर वगात राजानं दरबारात दरडावून विचारलं, ‘‘प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?’’ प्रधान झालेला तोच सोंगाड्या हात जोडून म्हणाला, ‘‘महाराज, धपाटे हायती, खाता का?’’ राजाला हसू आवरेना, त्यानं तोंड फिरवलं. अर्धा फड लोळला. लवकर गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी हा विनोद समजावून सांगता सांगता माझा घसा बसला.

म्हणून वग सुरू होण्याआधी उठू नका. पुढं बसाल तर सोंगाड्या तुम्हाला धरणार. राग येत असेल तर मधे बसा. त्याला उत्तर द्यायला हरकत नाही, मात्र एकदाच. दुसऱ्यांदा तोंड उघडलं की तो पार सालटी काढतो. नाचणाऱ्या बाईच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. बायका-पोरं न्यायची तर बसायची सोय कशी आहे ते दिवसाच विचारून ठेवा. आणि गाडी रस्त्याकडं तोंड करून लावा. पहाटे फड सुटला की शेकडो गाड्या एकदम निघतात, आणि मधे कुणाचं तरी नवंकोरं गाढव आडवं उभं असतं.