हिरड्यांचं माप घेतलंय का?

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं की कुणी ब्रश बदलतं, कुणी पेस्ट बदलतं, तर कुणी त्या जागी ब्रश फिरवणंच सोडून देतं. दुखत नाही ना, मग कशाला जायचं दवाखान्यात? हिरड्यांचा आजार असाच न दुखता वाढतो. दात हलायला लागेपर्यंत आतलं बरंचसं हाड झिजलेलं असतं, आणि ते आपोआप भरून येत नाही. म्हणून हा आजार नुसता बघून नाही, मोजून ओळखायचा असतो.

मोजायचं साधन म्हणजे प्रोब. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामध्ये प्रत्येकाच्याच तोंडात एक उथळ फट असते. तिच्यात प्रोब अलगद सरकवतात. दाब साधारण २५ ग्रॅमचा, म्हणजे तेवढ्याच जोराने टोक नखाखाली टेकवलं तरी दुखू नये इतका. प्रत्येक दाताभोवती सहा जागी मोजायचं, तीन गालाकडून आणि तीन जिभेकडून. डॉक्टर ‘तीन, दोन, तीन’ असं सांगतात आणि मदतनीस तक्त्यात लिहून घेतात. एक ते तीन आकडे ठीक. चार किंवा त्याहून जास्त आला तर थांबून विचार करावा लागतो: हिरडी नुसतीच सुजली आहे, की तिची दातावरची पकड सुटून पॉकेट झालं आहे? पाच-सहा मिलिमीटरच्या पॉकेटच्या तळाशी घरचा ब्रश पोहोचत नाही. प्रोब काढल्यावर तिथून रक्त येतं का, हेही नोंदवतात.

नुसत्या खोलीवर मात्र विसंबू नये. हिरडी मुळाकडे सरकलेली असेल तर पॉकेट तीनच मिलिमीटर भरतं, पण दाताचा आधार त्याहून कितीतरी जास्त गेलेला असतो. म्हणून हिरडी किती सरकली तेही मोजतात, दात हलवून बघतात आणि एक्स-रे काढतात. निरोगी तोंडात हाडाची कड दाताच्या मुळाच्या सुरुवातीपासून एक-दोन मिलिमीटरवर असते. ती किती खाली गेली ते एक्स-रेत दिसतं, हिरडीची सूज मात्र दिसत नाही. त्यामुळे नुसत्या एक्स-रेवर निदान होत नाही.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. आजार आत वाढत असतो आणि वरून सगळं ठीक वाटतं. तेव्हा तंबाखू असो, मिश्री असो, संकोच न करता सांगा. मधुमेहही सांगा. हाड झिजायला लागलेल्या मधुमेही रुग्णाची रक्तातल्या साखरेची एचबीए१सी चाचणी ७ टक्के किंवा त्याहून जास्त आली, तर हिरड्यांच्या आजारांच्या २०१८च्या वर्गीकरणानुसार त्याचा आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात. रक्तदाबाच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनीही हिरड्या फुगतात, म्हणून गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.

आजार हाडापर्यंत गेला नसेल, तर किटण काढून आणि नीट ब्रश करून हिरड्या पूर्ववत होतात. ‘सफाई केली की दात हलतात’ हा समज सोडून द्या. दाताचा आधार आजाराने आधीच गेलेला असतो, किटण निघाल्यावर ते फक्त जाणवतं.

पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे गेलात की एवढं जरूर विचारा: “डॉक्टर, माझ्या हिरड्यांचं माप घेतलं का? आकडे किती आले?”