आठवण लिहिणाऱ्यासाठी

मुलुंड (पूर्व)

चि. भाचीस,

आत्मपर लेखनाची सुरुवात 'मी' ठरवण्यापासून होते. चाळिशीत लिहायला बसलेली बाई आणि तिच्या आठवणीतली, घाटकोपरच्या चाळीत नळावर बादली घेऊन उभी असलेली दहा वर्षांची मुलगी या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. पहिलीला जे उमगले आहे ते दुसरीच्या गावीही नव्हते. दोघींची सरमिसळ झाली की दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी समाजशास्त्र येते आणि वाचकाचा विश्वास उडतो. दया पवार यांनी १९७८च्या 'बलुतं'मध्ये हा पेच सगळ्यांसमोर मांडून सोडवला. त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली हकिकत दया पवार यांना सांगतो. माणूस एकच, नावे दोन. एक नाव महारवाड्यातले आणि मुंबईतल्या कावाखान्यातले, दुसरे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे. सांगणारा आणि ऐकणारा वेगळे केल्यामुळे शरम, राग आणि जिव्हाळा यांना आपापली जागा मिळाली.

लक्ष्मीबाई टिळकांनी तीच गोष्ट युक्तीशिवाय साधली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. शाळा त्यांना लाभली नव्हती. पती रेव्हरंड टिळकांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर उद्ध्वस्त झालेली तरुण लक्ष्मी आणि तिच्याकडे मागे वळून पाहणारी प्रौढ लक्ष्मीबाई या दोघी त्या पुस्तकात शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. प्रौढ बाई तरुण मुलीला हसते, पण तिचे दुःख लहान करत नाही. मराठी आत्मपर गद्यात याहून मोठी शाळा नाही. या वाटेला लागणाऱ्याने ते पुस्तक निदान दोनदा वाचावे. पहिल्यांदा गोष्टीसाठी वाचावे आणि दुसऱ्यांदा वाक्ये कुठे थांबतात हे पाहण्यासाठी.

बेबीताई कांबळे यांच्या पुस्तकाच्या नावात तर 'मी' नाहीच. 'जिणं आमुचं' असे अनेकवचन त्यांनी निवडले. फलटणला दुकान सांभाळताना, घरच्यांच्या नजरेआड लिहिलेले ते लेखन आधी 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६मध्ये पुस्तक झाले. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यातून निघून पुढे बोरिवलीत राहिलेल्या उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली ग्रंथालीने काढले. त्याच्या आरंभी डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराची वाट तुडवणाऱ्या गावच्या बाया दिसतात. लेखिका त्यांच्यामागून येते. आयदान म्हणजे बांबूच्या विणीच्या टोपल्या-सुपल्या. लेखिकेची आई ती विणून घर चालवत असे. नावात आईचे काम आणि पुस्तकाच्या तोंडाशी गावच्या बाया, एवढ्यावरून त्या लेखनाची नैतिक बैठक कळते. आठवण लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीची नसते. ती घरात, आळीत, लोकलच्या डब्यात अनेकांच्या सहभागाने घडलेली असते आणि त्यातल्या बहुतेकांना कधी लिहायला मिळत नाही.

म्हणून उपनगरात वाढलेल्या लेखकाची 'आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखे काही घडलेच नाही' ही तक्रार टिकत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथले जगणे मोठ्या घटनांनी बनलेले नाही हे खरे. पण लोकलमधली चौथी सीट घेतली तरी पुरते. तीन जणांच्या बाकावर तिघे थोडे सरकतात आणि चौथा अर्धा बसून अर्धा पायांवर तोल सांभाळत घर गाठतो. कोण सरकते, कोण सरकत नाही, कोणाला सांगावे लागते, यात वय, जात, नोकरी, थकवा सगळे येते. 'गर्दीतही माणुसकी होती' या वाक्यात त्यातले काही येत नाही. तसेच 'आमच्या सोसायटीत सगळे गुण्यागोविंदाने राहत' हे वाक्य. त्याऐवजी गणपतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन जिना चढणारी दोन मुले दाखवावीत. कोणत्या दारावर त्यांना आत बोलावून पाणी मिळते, कोणत्या दाराची साखळी न काढता पैसे बाहेर येतात आणि कोणते दार मुले आपणहून टाळतात हे लिहावे. वाचकाला निष्कर्ष पुरवावा लागत नाही.

प्रसंग आणि सारांश यांचे माप मात्र हाताला बसावे लागते. दहा वर्षांचा काळ एका परिच्छेदात जाऊ शकतो आणि एका संध्याकाळसाठी सहा पाने लागू शकतात. जिथे काही बदलले तिथे थांबायचे, बाकीचे पळवायचे. नवख्या लेखकाच्या हातून हे नेमके उलटे होते. वडिलांची नोकरी सुटली ती संध्याकाळ दोन ओळींत जाते आणि शाळेतल्या स्नेहसंमेलनाला चार पाने मिळतात, कारण ते लिहिताना दुखत नाही. जिथे हात आखडतो तिथेच लेखाचा गाभा असण्याचा संभव जास्त.

आठवण खोटे बोलत नाही, पण ती तारखा आणि नावे सैलपणे सांभाळते. पडताळणीची साधने घरातच असतात: शिधापत्रिकेची जुनी पाने, शाळा सोडल्याचा दाखला, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, रेल्वेचे जपून ठेवलेले पास, विजेची बिले. अंधेरी-बोरिवलीच्या घरातले जुने बिल बीएसईएसचे असते आणि मुलुंडच्या घरातले एमएसईबीचे. ऐंशीच्या दशकातल्या प्रसंगात अदानींचे बिल आले तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो, कारण ते नाव उपनगरात २०१८ साली आले. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने जाणे ८ जून २०१४ पासून शक्य झाले. त्याआधीच्या आठवणीत ३४० नंबरची बस आणि साकीनाक्याचा खोळंबा हवा. आजोबा १९४८ साली 'मुंबईत' मुलुंडला राहायला आले असे घरात म्हणत असतील तर तेही तपासावे. महापालिकेची हद्द १९५०मध्ये अंधेरी आणि भांडुपपर्यंत आली, मुलुंड आणि दहिसर तिच्यात १९५७ साली आले. मुलुंड तेव्हा मुंबईबाहेर होते ही माहिती आजोबांच्या गोष्टीला वेगळीच खोली देते. भाडे स्वस्त का होते, पाण्याचे हाल का होते, नातेवाईक 'तिकडे कुठे लांब' असे का म्हणत, हे उलगडू लागते.

दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत म्हणजे एक खोटा, असे होत नाही. २६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. कुलाब्याला त्याच वेळात ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. अंधेरीच्या सबवेत कमरेइतक्या पाण्यातून चाललेली बहीण आणि दक्षिण मुंबईतल्या कचेरीत बसून 'एवढं काय झालं' म्हणणारा भाऊ, दोघांचे म्हणणे खरे असू शकते. अशा ठिकाणी आपलीच आठवण रेटण्यापेक्षा दोन्ही शेजारी ठेवाव्यात. कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे, मात्र त्यांना सांगून. अभिनेत्री हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' असेच सांगण्यातून घडले. त्या बोलल्या, अरुण साधू यांनी शब्दांकन केले, ते आधी 'माणूस' या नियतकालिकात आले आणि १९७०मध्ये पुस्तक झाले. बोलण्याचा बाज त्यात शेवटपर्यंत टिकला आहे.

हा बाज म्हणजे भाषेचा प्रश्न. उपनगरातल्या घरात मालवणी बोलणारी आजी, शेजारी गुजराती काकी, गावठाणातले आगरी किंवा ईस्ट इंडियन मित्र आणि रिक्षावाल्याशी मुंबईची हिंदी असा एकूण व्यवहार असतो. निवेदन प्रमाण मराठीत असले तरी माणसांनी आपापल्या बोलीत बोलावे. आजीच्या तोंडी पुस्तकी वाक्य घालणे म्हणजे तिला तिच्याच घरात परकी करणे. बोली ऐकून लिहावी; अर्धवट येत असेल तर एखादाच शब्द अचूक ठेवावा.

सर्वांत अवघड भाग म्हणजे हयात माणसे. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९०मध्ये आले तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते आणि महाराष्ट्राचे लाडके होते. पुस्तकावर वाद झाले. तरी ते टिकून राहिले, कारण त्यात लेखिका नवऱ्याला जितके तपासते तितकेच स्वतःलाही तपासते. हीच कसोटी लावावी. ज्या परिच्छेदात फक्त दुसरा चुकतो तो परिच्छेद पुन्हा लिहावा. नाव बदलल्याने माणूस लपत नाही. 'बोरिवलीच्या अमुक शाळेत गणित शिकवणारे, एका पायाने अधू असलेले सर' एवढे लिहिले की साऱ्या वर्गाला नाव कळते. शरीर, व्यवसाय, गल्ली, काळ यांपैकी एकदोन गोष्टी तरी बदलाव्या लागतात आणि काही तपशील बदलले आहेत हे प्रस्तावनेत सांगावे लागते. कोणाचे आजारपण, लग्नातले खाजगी, मुलांसंबंधीचे काही असेल तर त्या व्यक्तीला मजकूर आधी वाचायला द्यावा. तिने नको म्हटले तर लेखाचे नुकसान होते आणि ते सोसावे.

कायदाही थोडा ठाऊक हवा. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे. केवळ खरे असणे पुरत नाही, ते सांगण्यात लोकहित असावे लागते. जिवंतपणी ज्याने बदनामी झाली असती असे मृत व्यक्तीविषयी, तिच्या जवळच्यांना दुखावण्याच्या हेतूने लिहिले, तर तोही गुन्हा ठरू शकतो. जुन्या पत्रांबाबत बऱ्याच जणांची गफलत होते. पेटीत सापडलेल्या पत्राचा कागद ज्याच्याकडे आहे त्याचा, पण मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा असतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या मजकुरावर तो पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आत्याची पत्रे छापायची तर आत्याच्या मुलांची लेखी परवानगी घ्यावी.

पहिला खर्डा झाला की तो काही आठवडे बाजूला ठेवावा. मग मोठ्याने वाचावा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तुटलेले असते, जिथे आवाज चढतो तिथे बहुधा भाषण घुसलेले असते. पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद काढून पाहावा. लेख उभा राहिला तर ते दोन्ही नको होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी 'मौज' आणि 'सत्यकथा'च्या काळात लेखकांकडून हस्तलिखितांवर पुन्हा पुन्हा काम करून घेतले. आज तशी माणसे दुर्मीळ आहेत. म्हणून दोन वाचक आपणच शोधावेत: एक त्या आठवणीतला, जो तपशील तपासेल, आणि एक पूर्ण अनोळखी, ज्याला आत्या कोण आणि वन्सं कोण हे सांगावे लागेल.

प्रकाशनाची वाट सुट्या लेखांपासून सुरू करणे हिताचे. का. र. मित्र यांनी १९०९मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आत्मपर लेखनाला मराठीत दरवर्षी एक हक्काचे घर आहे. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे दसऱ्याला पाठवलेला लेख पुढच्या वर्षाची वाट पाहतो. एक लेख एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवावा आणि उत्तराची मुदत आपल्या मनाशी ठरवून घ्यावी. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जागा मोजकी असते, तिथे एकच प्रसंग न्यावा. 'स्मृतिचित्रे'ही 'संजीवनी' या नियतकालिकातून आधी क्रमशः आली होती. लेखांना मिळणाऱ्या पत्रांतून चुका कळतात आणि विसरलेली माणसे परत भेटतात.

पुस्तकाच्या वेळी प्रकाशक दोन प्रकारचे भेटतात. एक स्वतः पैसे घालतो, दुसरा लेखकाकडून घेतो. दुसरा प्रकार लज्जास्पद नाही, पण किती प्रती छापल्या, किती लेखकाला मिळणार, उरलेल्या कुठे ठेवणार, हे सगळे कागदावर हवे. हक्क देण्याचा करार लेखीच असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरतो. अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपट यांचे हक्क एका ओळीत 'सर्व हक्क' म्हणून देऊन टाकू नयेत. 'सांगत्ये ऐका'वरून पुढे 'भूमिका' चित्रपट झाला आणि 'आयदान' इंग्रजीत गेले. कोणत्या पुस्तकाला कोणती वाट फुटेल हे सही करताना कोणालाच दिसत नसते. स्वतःच प्रकाशक व्हायचे ठरवले तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसह आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते.

सगळे लिहिलेले छापलेच पाहिजे असेही नाही. दादोबा पांडुरंग १८८२ साली गेले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७मध्ये प्रसिद्ध केले. हयात माणसांमुळे जे आज छापता येत नाही ते पूर्ण लिहावे, पानांवर क्रमांक आणि तारीख घालावी, ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि ते कोणी, कधी उघडायचे हे एका चिठ्ठीत लिहून पाकिटावर चिकटवावे. इमारत पुनर्विकासाला जाण्याआधी हे काम उरकावे, कारण संक्रमण शिबिरात हलताना सर्वांत आधी रद्दीत जातात ती माळ्यावरची कागदपत्रे.

तुझा
मामा