बाळंतपणाआधी माणसं जोडा

संस्थेत वाढलेल्या माझ्या बहिणींनो, दिवस राहिले की पाळणा-दुपट्यांच्या आधी माहिती आणि माणसं जमवा.

पहिल्या तपासणीलाच विचारतात, आई-वडिलांना साखर होती का, घरात रक्ताचा काही आजार? शेजारी सासूबाई बसलेल्या असतात आणि आपल्यापैकी बऱ्याच जणी संकोचून ‘नाही’ सांगून मोकळ्या होतात. तसं करू नका. ‘माहीत नाही’ असं कागदावर लिहून घ्यायला लावा, म्हणजे डॉक्टर चाचण्यांवर भर देतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात, ती तपासणी टाळू नका. थॅलेसेमियाची तपासणी मागून घ्या. तुम्ही वाहक निघालात तर नवऱ्याचंही रक्त तपासावं लागतं, कारण दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात बाळाला गंभीर आजाराची शक्यता चारांत एक असते. शिवाय संस्थेत आपली फाईल असते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करून तिच्यातल्या आरोग्याच्या नोंदी मागा.

माणसांचं काम अवघड. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. माझी ओटी संस्थेतल्या ताईंनी भरली, डोहाळजेवणही झालं. पण बाळ घरी आल्यावरच्या रात्रींना कुणी नव्हतं. लेक रडायला लागली की मी आधी घड्याळ बघायची. संस्थेत आमच्या हॉलमध्ये दिवे गेल्यावर कुणी रडलं तरी कुणी येत नसे. एका मावशींकडे तीस पोरं, त्या तरी किती जणांपाशी जाणार? लहानगी आपोआप गप्प व्हायची. ते अंगात इतकं मुरलेलं की रडणं आपोआप थांबेल, असंच मला वाटायचं. शिवाजी पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकी एका रात्री दार वाजवून आत आल्या. “पोरगं रडालंय, घड्याळात काय बघतीस? उचल की गं!” म्हणाल्या आणि लेक माझ्या छातीशी दिली. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, भूक लागेल तेव्हा. उचलल्यानं ते लाडावत नाही.

म्हणून सातव्या महिन्यातच अशी एक बाई ठरवून ठेवा, जिला रात्री दोनला हाक मारता येईल. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई सव्वा महिन्यात सहा वेळा घरी येतात. त्यांच्यासमोर ‘सगळं ठीक’ म्हणू नका. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर डॉक्टरांना सांगा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा.

नवऱ्याला आपलं बालपण कसं सांगावं, हे सुचत नसेल तर सुनीलकुमार लवटे यांचं ‘खाली जमीन, वर आकाश’ त्याच्या हातात द्या. पंढरपूरच्या आश्रमात जन्मून कोल्हापूरच्या रिमांड होममध्ये वाढलेल्या माणसाचं ते आत्मकथन आहे. आमच्या घरात बोलणं त्या पुस्तकानंतर सुरू झालं.

आणि संस्थांच्या ताई-दादांना कळकळीची विनंती. संस्थेतून बाहेर पडल्यावर १८ ते २१ वयापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, ‘मिशन वात्सल्य’तून दरमहा ४००० रुपये मिळू शकतात, त्याचे अर्ज मुलींकडून वेळेत भरून घ्या. पण लग्न लावून दिलं की नातं संपवू नका. तुमची मुलगी बाळंत झाली की सव्वा महिन्यात एकदा तरी तिच्या घरी जा, आणि रात्रभर राहा.