मांडव बघून कपाट उघडावं

पोरी, तू पाठवलेली ती मोबाइलवरची पत्रिका बघितली. हळदीला पिवळा, मेंदीला हिरवा, संगीताला पेस्टल, लग्नाला पारंपरिक, रिसेप्शनला फॉर्मल. दोन दिवसांच्या लग्नाला पाच पोशाख, आणि ही यादी आपल्याच घरच्या पोरांनी केली, मला न दाखवता. तू पुण्याहून फोन करून विचारलंस, ‘काका, नक्की काय घालायचं?’ म्हणून सांगतो. उभा जन्म बुऱ्हाणपुरात गादीवर बसून लोकांचे बस्ते बांधले. पाटील आले, गुजर आले, सिंधी, बोहरी, मोमीन, सगळे आले. कोण कुठे काय नेसतं, आणि नेसून कुठे अडतं, हे थोडंफार कळतं मला.

पत्रिकेतला रंग पाळ, पोरांचे फोटो बिघडवू नकोस. पण रंग शेवटी बघायचा. आधी बघायचं की त्या मांडवात आपण कोण. या लग्नात तू करवली. हातात करा असणार, नवरदेवाच्या मागे उभं राहायचं, अक्षता वाटायच्या, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून बसवायचं. पायात येणारा घेर, जमिनीवर लोळणारी ओढणी, खांद्यावरून घसरणारा पदर, यातलं काहीच तुझ्या कामाचं नाही. पाचवारी नेस, पदराच्या चुण्या करून वर पिन लाव. करवलीऐवजी तू नुसती पाहुणी असतीस तर घेरदार घागरा घालून खुर्चीवर बसली असतीस, कोणी काही म्हटलं नसतं.

तुझी काकू नव्या सुनांना एक सांगते: साडी नेसून झाली की आधी खाली मांडी घालून बसा, वाकून काही उचला, मग आरशासमोर जा. लग्न रावेरकडच्या व्याह्यांच्या दारी आहे. तिथे अजून पंगत बसते, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी वाढतात, वर तुपाची धार. वाढपी पळत असतो आणि बादली तुझ्या गुडघ्याशी असते. ऑफ-व्हाइट ऑर्गेंझा तिथे नेसून जाणाऱ्या बाईला जेवण गोड लागत नाही, ती सारखी मांडीकडे बघत असते. जावईबापूंनाही सांग, ती घोट्याशी आवळलेली पँट रिसेप्शनला ठेवा. लग्नाला पायजमा-कुर्ता किंवा धोतर. धोतराची सवय नसेल तर शिवलेलं धोतर मिळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हळदीचं बघ. पिवळं घाला म्हणतात ते ठीक, पण पिवळं रेशीम कशाला? जुनं सुती घाल, खराब झालं तर हळहळ नको. कपड्याला हळद लागली की बायका घाबरून साबण चोळतात आणि डाग तांबडाभडक होतो, मग आणखी घाबरतात. घाबरायचं कारण नाही. हळदीला खार लागला की ती तांबडी होते, पूर्वी हळदीचं कुंकू याच गुणावर करायचे. भरपूर पाण्यात धू आणि ओलं असतानाच कडक उन्हात टाक. हळदीचा रंग पक्का वाटतो खरा, पण उन्हापुढे टिकत नाही. एक-दोन उन्हांत फिकटतो. रेशमाला मात्र हा उपाय नाही, कारण ऊन रेशमाचाच रंग आधी खातं. म्हणून म्हटलं, सुती.

आता एक नाजूक गोष्ट. नवरीच्या आईला तिच्या भावाने आणलेली साडी नेसायची असते. तो भाऊ कुठला शेतकरी असेल, यंदा केळीला भाव मिळाला नसेल, साडी साधी असेल. पण ती बाई ती अभिमानाने नेसणार, कारण माहेरची आहे. आपण वरपक्ष. तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे आहेत. त्या वेळी आपल्या बायकांनी अंगावर दुकान चढवून उभं राहायचं, हे मला पटत नाही. तुझी ती जांभळी पैठणी रिसेप्शनला नेस, लग्न लागताना माहेश्वरी पुरे. नवरीचा रंगही तिलाच सोडावा. अष्टपुत्री पिवळी असते, पुढचा शालू बहुधा लाल किंवा हिरवा. आधी फोन करून विचारून घे आणि तो रंग टाळ. विचारण्यात कमीपणा नाही, उलट त्या पोरीला बरं वाटेल.

पैठणीचा विषय निघालाच आहे तर जरीचं सांगून टाकतो. आपलं गाव त्या कामाचं. सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला. त्याने लिहून ठेवलंय की इथलं झिरझिरीत तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, रशियापर्यंत जातं, आणि त्यात सोन्याचांदीचे पट्टे असलेलं बायका ओढण्यांना वापरतात. इंग्रजांच्या काळातही इथे तारकशीचा धंदा होता. चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमावर गुंडाळायची. आता गावात पॉवरलूमची खडखड उरली आणि जर बाहेरून येते. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. दुसरी तांब्याच्या तारेची, ती काही वर्षांनी काळवंडते. तिसरी निव्वळ प्लॅस्टिकची, ती हलकी असते आणि नको इतकी चमकते. पदराच्या उलट बाजूला एखादा सुटा धागा असतोच, तो काढून काडीच्या ज्योतीला धर. वितळून त्याची टणक गोळी झाली तर प्लॅस्टिक. दुकानदारासमोर कर, खुशाल कर. चांगला दुकानदार स्वतःच काडी पेटवून देतो.

आणि प्लॅस्टिकची निघाली तर काय बिघडलं? सेमी पैठणी नेसून मिरवायला माझी हरकत नाही. मांडवात कोणी काडी पेटवत नाही. फक्त ‘येवल्याची आहे’ असं सांगू नकोस, तिथे बसलेल्या चारपैकी एका म्हातारीला हात लावताच कळतं.

तुझ्या आजीची साडी काकूने तुझ्यासाठी ठेवलीय, ती खऱ्या जरीची आहे. तिच्यावर अत्तर किंवा तो स्प्रे मारायचा नाही, जर काळी पडते. अत्तर आधी मनगटाला, कानामागे, ते वाळलं की साडी. घरी आल्यावर लगेच घडी नको, घाम वाळू दे, सावलीत. मग जर आतल्या बाजूला घेऊन घडी, वरून धुवट मलमल, डांबराची गोळी कपाटात ठेवायची पण साडीला लागू द्यायची नाही. काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाल, नाहीतर त्याच रेषेवर रेशीम चिरतं.

आपल्या लग्नाखेरीज आणखीही बोलावणी आहेत. एक शुक्रवारचा निकाह. त्या घराशी आपलं सूत-कापडाचं जुनं नातं, तेव्हा तुम्ही दोघांनी यायलाच हवं. तिथल्या पत्रिकेत पोशाखाचं काही छापलेलं नाही, म्हणून नियम नाही असं समजू नकोस. पूर्ण बाह्या, गळा बंद, ओढणी मोठी, डोक्यावर राहील अशी; गुळगुळीत जॉर्जेट सारखी घसरते, सुती-रेशमी चंदेरी चांगली. बायकांचं बसणं वेगळं असेल, तिथे खूप सजलेल्या बायका दिसतील, तेव्हा अगदी साधी जाऊन अवघडू नकोस. आपल्याकडे मांडवात काळं टाळतात. तिथे काळ्यावर जरीचं काम केलेला शरारा हौसेने घालतात. जावईबापूंनी खिशात स्वच्छ रुमाल किंवा टोपी ठेवावी, नाडीचे बूट टाळावेत आणि मोजे बघून घ्यावेत. बूट काढल्यावर अंगठा बाहेर आला तर बाकी सगळा सूट वाया.

पांढऱ्याचं मात्र घर बघून ठरवावं लागतं. आपल्याकडे सवाष्णीने कोरं पांढरं नेसून लग्नाला जायचं नाही. 1631 च्या जूनमध्ये मुमताज याच गावात वारली, तेव्हा शहाजहानने रंगीत कपडे टाकून पांढरे घातले, असं दरबारी इतिहासकार लिहून गेलेत. आणि याच गावात बोहऱ्यांच्या शादीत पुरुषमाणसं पांढरा साया-कुर्ता आणि सोनेरी काठाची पांढरी टोपी घालून इतकी छान दिसतात की बघत राहावं. तुला कधी त्यांच्याकडचं बोलावणं आलं तर रिदा घालायचा आव आणू नकोस. तो त्यांचा पोशाख; आपण आपला, अंगभर, नीट.

सिंधी शेठकडचं रिसेप्शन इच्छापूर रस्त्यावरच्या लॉनवर आहे. तिथे ‘कॉकटेल’ लिहिलंय, त्याचा अर्थ रात्रीचं, झगमगतं, हवं ते. तिथे भारी नेसलीस तरी कोणी मान वळवणार नाही. फक्त दोन गोष्टी. टोकदार टाचेची चप्पल हिरवळीत रुतते, जाड टाचेची आण. आणि डिसेंबरात तापीकडचा वारा रात्री बोचतो. शाल साडीला जुळणारी हवी, नाहीतर गाडीतली घोंगडी घेऊन फोटोत बसशील. उन्हाळ्याचं गणित उलटं. आखाजीच्या सुमारास इथे दुपारी बाहेर उभं राहवत नाही, तेव्हा पॉलिस्टरचा घागरा म्हणजे चालती भट्टी. मलमल, कोटा, सुती माहेश्वरी यांपलीकडे बघू नये.

जावईबापूंसाठी आणखी. फेटा बांधणारा सकाळी येतो आणि वऱ्हाड निघताना त्याच्याभोवती गर्दी होते, म्हणून त्यांना लवकर बसवायचं. केसांना जेल लावून बसू नका म्हणावं, फेटा मागे घसरतो. फेटा कपाळावर दोन बोटं वर हवा. बांधताना घट्ट वाटला तर तेव्हाच सांगावं, नंतर डोकं ठणकतं आणि तोंड वाकडं होतं. व्याह्यांकडून टोपी-टॉवेलचा आहेर होईल. ती टोपी स्वस्तातली असते, कपाळावर नीट बसतही नाही. तरी डोक्यावर घालायची. पिशवीत टाकली तर देणाऱ्याचा हात हवेतच राहतो, आणि तो माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही. असे रुसवे मी गादीवर बसून खूप ऐकलेत.

लहानग्याला शेरवानी घेऊ नकोस. टोचते, तो रडेल, आणि अक्षता पडेपर्यंत बनियनवर येईल. सुती झब्बा, बस.

साड्या आठ दिवस आधी पाठवल्यास तर फॉल-पिको मी इथे करून ठेवतो. ब्लाउज मात्र तिकडूनच शिवून आण. तुळशीचं लग्न लागलं की इथले शिंपी कोणाचं ऐकत नाहीत, आणि शिवण आत दोन बोटं जास्त ठेवायला सांग. पंगती बऱ्याच आहेत.