लैंगिक आरोग्याचे समुपदेशन : एक अपरिचित पेशा

बारावीचा निकाल लागला की शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील घराघरांतून डॉक्टरी, इंजिनिअरिंग, पोलीसभरती आणि स्पर्धापरीक्षा यांखेरीज अन्य विषय सहसा निघत नाही. आणि अशा वेळी एखाद्या मुलीने, आपल्याला लैंगिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशक व्हायचे आहे असे सांगितले, तर आईवडिलांच्या मनात पहिली शंका येते ती पगाराची नव्हे, सोयरिकीची. या शंकेची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ज्या गावात मुलीच्या नोकरीचा हुद्दा लग्नपत्रिकेपूर्वीच चार घरी पोहोचतो, तेथे ती निराधारही नाही. म्हणून हा पेशा प्रत्यक्षात काय आहे, एवढेच येथे सांगतो.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. महर्षी कर्व्यांचे पुत्र रघुनाथराव, मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक, यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले, या प्रचारापायी नोकरी गमावली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला, त्याच्या मुळाशी वाचकांच्या खासगी शंकांना मासिकातून दिलेली उत्तरे होती, वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले, तरी निकाल विरुद्धच गेला. लोकांना विचारायचे होते आणि एक मनुष्य न लाजता उत्तर देत होता, एवढाच काय तो गुन्हा! आज त्याच कामासाठी शासन जाहिरात देऊन माणसे नेमते.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. पुणे–नगर रस्त्यावरची मालवाहतूक, रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत परप्रांतांतून आलेले, चौघांत एक खोली भाड्याने घेऊन राहणारे तरुण कामगार, दौंड जंक्शनवर उतरणारी-चढणारी वर्दळ, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, आणि गळीत हंगामात बिऱ्हाडासह येणारे ऊसतोड मजूर, या सर्वांमुळे घरापासून दूर असलेल्या माणसांची संख्या येथे मोठी आहे. नवशिक्या समुपदेशकाची अशी समजूत असते की आपल्यापुढे बहुधा ट्रकचालकच येऊन बसणार. प्रत्यक्षात समोर येते ती पुष्कळदा गरोदरपणाच्या तपासणीला आलेली घरंदाज सून. कारण गरोदर स्त्रीची एचआयव्हीसाठी चाचणी हा आता सरकारी दवाखान्यातील नेहमीच्या तपासणीचाच भाग आहे.

त्या सुनेसोबत सासू असते, आणि या विद्येचा पहिला धडा तेथेच सुरू होतो. 'तुम्ही बाहेर बसा' असे म्हटले की सासूच्या मनात संशय उभा राहतो, आणि त्याची किंमत सून घरी गेल्यावर मोजते. परंतु 'येथे प्रत्येकाशी एकट्यानेच बोलायचा नियम आहे, नंतर आपणांशीही बोलते' असे म्हटले की सासूचा मान राहतो आणि दार बंद होते. तीच गोष्ट प्रश्नांची. 'बाहेर कुठे संबंध आला होता का?' हा प्रश्न म्हणजे निम्मा आरोपच होय. त्याला नकारावाचून दुसरे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी, 'घरापासून लांब राहणाऱ्या पुष्कळांना लघवीला जळजळ, जागेवर फोड असे त्रास होतात, तुम्हाला तसे काही?' असे विचारले, तर रोगी आपले दुखणे इतरांच्या पंक्तीत ठेवून बोलू शकतो. 'धातू जातो', 'अंगावरून पांढरे जाते', 'अशक्तपणा आला', या शब्दांआड कधी खरा संसर्ग असतो, कधी केवळ भय असते, आणि कधी नवराबायकोत महिनोन्महिने न झालेले संभाषण असते. त्यांतले काय आहे हे ओळखेपर्यंत धीराने ऐकणे, मध्येच उपदेश न करणे, आणि ऐकताना भुवई न उंचावणे, हे पाठांतराने येत नाही. सहाध्यायी रोगी बनून समोर बसतो आणि गुरुजन चुका काढतात, अशा सरावानेच ते येते.

चाचणीचा निकाल सांगण्याचे तंत्र आणखी निराळे. संसर्ग नसल्याचा निकाल आला तरी, नुकताच झालेला संसर्ग चाचणीत लगेच दिसतोच असे नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा यावे लागेल, हे आनंदाच्या भरात निघालेल्या माणसाला थांबवून सांगावे लागते. आणि संसर्ग असल्याचा निकाल आला, तर पहिली काही मिनिटे माणसाला काहीही ऐकू येत नसते, हे जाणून गप्प बसावे लागते. औषधोपचाराची माहिती त्यानंतर.

लहान गावात गुप्तता राखणे शहरापेक्षा कठीण, कारण रोगी हा भावकीतला असू शकतो आणि सायंकाळी बाजारात त्याची गाठ पडतेच. तेव्हा ओळख आपण होऊन दाखवायची नाही, हा संकेत. मात्र येथे केवळ सद्‌वर्तनावर भिस्त नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, चाचणीपूर्वी संमती आणि निकालाची गुप्तता बंधनकारक केली. रोग्याने जोडीदाराला सांगावे म्हणून समुपदेशन करूनही तो सांगणार नाही आणि जोडीदाराला मोठा धोका आहे अशी खात्री झाल्यास, रोग्याला पूर्वसूचना देऊन ती गोष्ट जोडीदाराला सांगण्याचा अधिकार या कायद्याने दोघांनाच दिला आहे, डॉक्टरला आणि समुपदेशकाला. स्त्रीवर मारहाणीची किंवा घराबाहेर काढले जाण्याची आपत्ती ओढवेल अशी रास्त भीती असेल, तर तेथेही तोंड मिटावयाचे. याउलट अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये खबर द्यावीच लागते. म्हणून 'तुमचे सगळे गुपित राहील' असे सरसकट वचन अल्पवयीनाला देणारा समुपदेशक अडचणीत येतो. इतकी जोखीम ज्या खुर्चीवर आहे, ती हलकी कशी?

आता व्यवहार. मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन बी.ए., अथवा बी.एस.डब्ल्यू., आणि पुढे एम.एस.डब्ल्यू., हा सरळ मार्ग; परिचारिकेच्या शिक्षणातूनही येथे येता येते. पुण्यात महर्षींच्या नावाने १९६३ साली निघालेली कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे. नोकऱ्या एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्रांत, किशोरवयीनांच्या आरोग्य केंद्रांत, कुटुंबनियोजनाच्या कामात आणि स्वयंसेवी संस्थांत मिळतात. पण सरकारी योजनांतील बहुतेक जागा कंत्राटी मुदतीच्या असून मानधन बेताचे असते, हे पालकांपासून लपवणे अप्रामाणिक ठरेल. आशेची बाब एवढी की २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशकांचा नामनिर्देश झाला आहे, आणि नोंदणीची वाट त्यामुळे मोकळी झाली आहे.

शिरूरहून एसटीने किंवा दौंडहून रेल्वेने पुण्यास प्रवेशासाठी जाल, तेव्हा इमारत आणि वसतिगृह पाहण्यापूर्वी कचेरीत एक चौकशी अवश्य करावी : क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थ्यांना कोणत्या दवाखान्यात पाठवतात, तेथे आठवड्यातून किती दिवस बसवतात, आणि त्यांच्या मुलाखतींच्या नोंदी कोण तपासते. या तिन्हींची उत्तरे गुळमुळीत आली, तर अर्ज दुसऱ्या संस्थेत भरावा.