पॉलिसी घेण्याआधी सेवापुस्तक उघड

पोरी, तहसीलात महसूल सहायक म्हणून तू रुजू झालीस आणि पहिल्या पगाराबरोबर विमा एजंटांचे फोनही सुरू झाले. 'मामा, कोणती पॉलिसी घेऊ?' असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी आस्थापनेच्या टेबलावर गेली. वैद्यकीय बिलांच्या फायली माझ्याच हातून वर जायच्या. आमचे जुने अव्वल कारकून नव्या माणसाला सांगायचे, 'दवाखान्याचा कागद आणि सेवापुस्तक, दोन्ही आजारी पडायच्या आधी नीट ठेवा.' तेच सूत्र धरून सांगतो. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. काय बघायचं ते सांगतो.

आधी आपल्या पदरात काय आहे ते बघ. महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, 1961 प्रमाणे तुला आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. खासगी दवाखान्यातल्या उपचारांसाठी 19 मार्च 2005 चा शासन निर्णय महत्त्वाचा. त्यात 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी आहे. ही यादी छापून घरातल्या फाईलला लाव. महिला कर्मचाऱ्याला आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एक जोडी निवडावी लागते. हा निर्णय नवऱ्यासोबत बसून, दोन्ही घरांच्या तब्येती बघून घे. जी जोडी शासनाकडे लागणार नाही, तिच्यासाठी पॉलिसी आधी घ्यायची. मग सेवापुस्तकात कुटुंबाची नोंद करून घे. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय का ते स्वतः वाच. एका काना-मात्रेपायी फाईल परत आलेली मी कैकदा पाहिली आहे.

प्रतिपूर्ती म्हणजे हातात रोकड नव्हे, हे पक्कं लक्षात ठेव. पैसे आधी आपण भरायचे, मग बिल सादर करायचं. जिल्हा शल्यचिकित्सकांची तपासणी, मंजुरी, अनुदान, कोषागार असा त्याचा प्रवास असतो. नियमात न बसणारी रक्कम त्यात कापली जाते. आपल्या आष्टी-कड्याकडचा माणूस जीवावर बेतलं की बीडची वाट धरत नाही, नगर गाठतो. कागदावर ते आता अहिल्यानगर झालं. 23 सप्टेंबर 2022 पासून तिकडे रेल्वेही सुरू झाली, पण रात्री छातीत कळ आली तर गाडीच करावी लागते. नगरला उपचार झाले नाहीत तर पुढे पुणं. तिथे काउंटरवर अनामत मागतात तेव्हा शासन निर्णय दाखवून भागत नाही. ही अनामत भागावी, कॅशलेस सोय मिळावी, यासाठीही नोकरदाराने पॉलिसी घ्यायची. म्हणून कंपनीची दवाखान्यांची यादी मागव आणि त्यात नगरचे आणि पुण्याचे दवाखाने कोणते आहेत ते आधी बघ. मुंबईचे मोठमोठे दवाखाने असून आष्टीच्या माणसाला त्या वेळी उपयोग नाही.

सरकारी योजनाही घराच्या हिशेबात धर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपये आहे. पांढरं रेशनकार्ड असलेले शासकीय कर्मचारीही त्यात बसतात. मात्र दवाखाना योजनेतला हवा आणि उपचार योजनेच्या ठरलेल्या यादीतला हवा. दवाखान्यात शिरल्याबरोबर योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठायचं. योजनेचा टोल-फ्री नंबर 155388. घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेव. ऑक्टोबर 2024 पासून ते उत्पन्न न बघता मिळतं. ही कार्डं हात-पाय धड असताना काढायची असतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

आता पॉलिसी. आई-वडिलांना आणि तुम्हा नवरा-बायकोला एकाच फॅमिली फ्लोटरमध्ये घालू नकोस. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो, आणि विम्याची रक्कम सगळ्यांत मिळून एकच असते. वडिलांच्या एका ऑपरेशनात ती संपली तर वर्षभर लेकराला काही उरत नाही. म्हाताऱ्यांची वेगळी, तुमची वेगळी.

खोलीभाड्याची अट वाचल्याशिवाय सही करू नकोस. समज, 3 लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाडं विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. तू 6,000 ची खोली घेतलीस, तर फक्त वरचे 3,000 कापले जातात असं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग अशा खोलीला जोडलेल्या खर्चातही त्याच प्रमाणात कात्री लागते. हे खर्च 1,20,000 झाले तर मिळणार 60,000. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी हप्त्याला थोडी जड असली तरी तीच घे. 'को-पे' हा शब्दही शोध. 20 टक्के को-पे म्हणजे प्रत्येक मंजूर बिलातला पाचवा हिस्सा तुझ्या खिशातून.

मोठी रक्कम हवी असेल तर 5 लाखांची साधी पॉलिसी आणि तिच्यावर 5 लाखांच्या वजावटीचा, म्हणजे 5 लाखांच्या वरचंच बिल भरणारा, सुपर टॉप-अप अशी जोडी बघ. नुसता टॉप-अप प्रत्येक भरतीचं बिल वेगळं मोजतो. सुपर टॉप-अप वर्षभराची बिलं एकत्र धरतो. केमो किंवा डायलिसिसमध्ये बिलं तुकड्या-तुकड्यांनी येतात, तिथे हा फरक घर वाचवतो.

तब्येतीचं खरं सांग. वडिलांना शुगर आहे, आईला बीपी आहे, तर फॉर्मवर तसंच लिही. एजंट म्हणेल, 'नका लिहू, हप्ता वाढेल.' फॉर्मवर सही तुझी असते, त्याची नसते. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं, 2024 पासून नियमच तसा आहे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचं ऑपरेशन यांनाही वेगळी प्रतीक्षा असते. बाळंतपणाची प्रतीक्षा बहुतेक पॉलिसींत लांबच असते, ती पुढचा विचार करून आत्ताच वाच. सलग 5 वर्षं पॉलिसी चालली की मग लबाडी सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला 'तुम्ही हे सांगितलं नव्हतं' म्हणून दावा नाकारता येत नाही. म्हणून हप्ता चुकवू नकोस. वर्षाच्या हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत पटली नाही तर परत करता येते, तेवढ्या दिवसांत ती शांतपणे वाचून काढ. मराठीतली प्रत माग.

कर वाचतो म्हणून पॉलिसी घेऊ नकोस. आरोग्य विम्याच्या हप्त्याची आयकर वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी मात्र उठला आहे. कुणी हप्त्यात तो लावून दाखवला तर जाब विचार.

भरती झाल्यावर कागद सांभाळायचे. डिस्चार्ज कार्ड, तातडीचा दाखला, औषधाच्या प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट, आणि प्रत्येक कागदावर दवाखान्याचा शिक्का व सही. डिस्चार्जच्या घाईत शिक्का राहतो आणि पुढे त्या एका शिक्क्यासाठी नगरच्या चकरा होतात. मूळ बिलं देण्याआधी सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढ. एकाच रुपयाची मागणी शासनाकडेही आणि कंपनीकडेही करायची नाही. ते नोकरीवर येऊ शकतं. कंपनीने काही भाग नाकारला तर तिचं सेटलमेंट पत्र घे आणि उरलेली रक्कम प्रतिपूर्तीत बसते का, हे आस्थापनेला लेखी विचार. दावा नाहक नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा, तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही.

शेवटचं, आणि तरुण वयात कुणाच्याच ध्यानात न येणारं. निवृत्तीनंतर ही प्रतिपूर्ती बंद होते. निवृत्त होणाऱ्यांसाठी शासनाने 2014 साली गट वैद्यकीय विमा योजना आणली, पण ती ऐच्छिक आहे आणि हप्ता आपला आपण भरायचा. साठीच्या उंबरठ्यावर, शुगर-बीपी अंगी लागल्यावर नवी पॉलिसी मिळवायला धावणारे माझे सोबती मी पाहिलेत. तुझी पॉलिसी आज सुरू झाली तर तोवर तिच्या सगळ्या प्रतीक्षा कधीच संपलेल्या असतील. नोकरी असताना सरकार तुझ्या मागे आहे. नोकरी संपल्यावर मागे उभी राहील ती आज घेतलेली पॉलिसी.

तेव्हा या महिन्यात सेवापुस्तकातली नोंद आणि सरकारी कार्डं उरकून घे, पुढच्या महिन्यात शासनाकडे न लागलेल्या जोडीची पॉलिसी, त्यानंतर तुमची. सगळे कागद एका फाईलमध्ये लाव, आणि ती फाईल कपाटात कुठे आहे हे जावईबापूंनाही दाखवून ठेव.